अंतराला ९०० ने भागून वेळ निघत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण जगातल्या दूरदूरच्या शहरांमधले हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ यांचा तक्ता दिला आहे. त्यात दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को या जोडीपुढे अंतर १२,३७० किलोमीटर आणि वेळ १३ तास ४५ मिनिटे असे छापले आहे. अंतराचा आकडा बरोबर आहे. वेळेचा आकडा कुठून आला हेही पाहताक्षणी कळले, कारण माझी एकतीस वर्षे असल्याच आकड्यांत गेली. १२,३७० ला ९०० ने भागले की पावणेचौदा तास येतात. मग कागद-पेन्सिल घेऊन तक्त्यातल्या बाकीच्या जोड्या तपासल्या. सगळ्यांचे उत्तर तसेच जुळले. तक्ता करणाऱ्याने प्रत्येक अंतर ९०० ने भागले आहे आणि जाण्याचा व येण्याचा वेळ एकच धरला आहे. या एका भागाकाराने एखाद्या घरात रात्रभर काय होते ते मी पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

मी एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होतो. २०१९ च्या अखेरीस निवृत्त झालो. विमान सुटण्याच्या काही तास आधी जमिनीवर बसून त्याचा मार्ग आखायचा, इंधन किती लागेल ते काढायचे, वाटेतले वारे, ढग, बंद असलेले आकाश यांचे कागद कॅप्टनपुढे ठेवायचे, आणि शेवटी त्या फ्लाइट प्लॅनवर कॅप्टनच्या सहीशेजारी आपली सही करायची, हे आमचे काम. प्रवाशांना हा माणूस कधी दिसत नाही. पण विमान किती वाजता उतरेल याचा पहिला खरा अंदाज त्याच्या टेबलावर तयार होतो.

गेल्या फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा लंडनहून लॉस एंजेलिसला निघाला होता. उडते विमान आता मोबाइलवर दिसते, ते ती पाहत बसली होती. आवाज घाबरलेला. "दादा, विमान भलतीकडेच चाललंय रे. अमेरिका खाली डावीकडे आहे आणि हे वर बर्फावर गेलंय. ग्रीनलँड लिहिलंय इथे. काही झालं असेल का?"

मी म्हटले, "अगं, तो बरोबर वाटेवर आहे. घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल ना? तो काढ आणि शिवणाचा दोरा घे."

तिने दोऱ्याचे एक टोक लंडनवर दाबले, दुसरे लॉस एंजेलिसवर, आणि दोरा ताणला. थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू आले नाही. मग म्हणाली, "अय्या, दोरा आपोआपच ग्रीनलँडवर गेला."

गोलावर ताणलेला दोरा ज्या रेषेत बसतो ती त्या दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट. भूगोलाच्या पुस्तकात तिला बृहद्‌वृत्त म्हणतात, आम्ही ग्रेट सर्कल म्हणायचो. आपल्या तक्त्यातली सगळी अंतरे या दोऱ्याची आहेत. भिंतीवरचा सपाट नकाशा मात्र दोऱ्याला खोटे पाडतो. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये जहाजांसाठी जो नकाशा काढला त्यात दिशा नीट राहतात, पण उत्तरेकडचा प्रदेश फुगत जातो. त्या नकाशावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. गोलावरची सरळ वाट अशा नकाशावर उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखी दिसते, आणि आई-वडिलांना वाटते की विमान वाट चुकले.

बहिणीचा दुसरा फोन पहाटे सव्वातीनला आला. ती झोपलीच नव्हती. आपल्या घड्याळाने संध्याकाळी साडेपाचला विमान निघाले होते आणि तिने कुठल्याशा तक्त्यात लंडन–लॉस एंजेलिस पावणेदहा तास असे वाचले होते. "पावणेदहा तास झाले. अजून उतरलं नाही." पावणेनऊ हजार किलोमीटर भागिले ९००. तोच भागाकार. विमान अगदी वेळेवर होते. वेळापत्रकातच त्या दिशेचा वेळ सव्वाअकरा तास होता. पावणेपाचला चाके टेकली. मधला दीड तास आम्ही दोघे फोन धरून बसलो होतो. त्या दीड तासात मी तिला जे सांगितले तेच आपल्या वाचकांना सांगायचे आहे.

विमान हवेत किती वेगाने चालते आणि जमिनीवरून किती वेगाने पुढे सरकते, हे दोन वेगळे आकडे आहेत. नदीत होडी घालणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मोठे जेट विमान हवेच्या मानाने ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास चालते. पण ती हवाच वाहत असते. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी जिथे ही विमाने उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जोर धरतात आणि ताशी दीडशे किलोमीटर वारा म्हणजे तिथे काही विशेष नाही.

साडेपाच हजार किलोमीटरचा प्रवास घ्या. लंडन–न्यूयॉर्क साधारण तेवढेच आहे. ताशी १५० चा वारा पाठीशी असेल तर जमिनीवरचा वेग १,०५० आणि वेळ सव्वापाच तास. तोच वारा तोंडावर असेल तर वेग ७५० आणि वेळ ७ तास २० मिनिटे. गाव तेच, अंतर तेच, फरक दोन तासांचा. "जाताना नडला तो येताना साथ देईल, हिशेब फिटला," असे पुष्कळ जण म्हणतात. तो फिटत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन १२ तास १३ मिनिटे लागली असती; वाऱ्यासह १२ तास ३४ मिनिटे लागतात. कारण साधे आहे: तोंडावरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, पाठीवरच्या वाऱ्यात कमी. प्रत्यक्षात आम्ही दोन्ही दिशांना एकच वाट धरत नाही. पूर्वेला जाताना जेट स्ट्रीम शोधून त्यात शिरायचे, पश्चिमेला जाताना तिला वळसा घालायचा. म्हणून उत्तर अटलांटिकवरच्या समांतर वाटा रोज नव्याने आखल्या जातात, पश्चिमेकडच्या वेगळ्या आणि पूर्वेकडच्या वेगळ्या. माझ्या भाच्याचे विमान दोऱ्याच्याही थोडे उत्तरेने गेले ते याचसाठी.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठे वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचे एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. विमानाने आवाजाचा वेग ओलांडला, असे तेव्हा अनेकांनी लिहिले. तसे झाले नव्हते. भोवतालच्या हवेच्या मानाने विमान नेहमीच्याच वेगाने उडत होते. ती हवाच त्याला घेऊन चालली होती.

या वाऱ्याची पहिली नीट मोजणी १९२० च्या दशकात जपानमध्ये झाली. वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून वरच्या हवेचा वेग मोजला, आणि जगभरातल्या लोकांना वाचता यावे म्हणून आपले निष्कर्ष एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापले. झाले उलटेच: त्या भाषेमुळेच बाहेर कोणी ते फारसे वाचले नाहीत. महायुद्धात १९४४ मध्ये जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बर विमानांना तोच वारा नव्याने भेटला. मग १९५२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमच्या विमानाने तोक्यो ते होनोलुलू या प्रवासात मुद्दाम त्या उंचीवर जाऊन तो वारा पाठीवर घेतला, आणि १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांत झाला. नोकरीला लागल्यावर ही गोष्ट मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी सांगितली होती. ओइशींचे फुगे मी पुढे कधी विसरलो नाही. वाऱ्याचा तक्ता समोर आला की ते आठवत.

आता आपल्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को या ओळीकडे येतो. याच मार्गावर ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने एक बदल केला. त्याआधी विमान दिल्लीहून पश्चिमेला, युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती. त्याऐवजी ते पूर्वेला, प्रशांत महासागरावरून नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटरने जास्त. पण वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांत पोचले, जुन्या वाटेपेक्षा सुमारे दीड-दोन तास आधी. सरासरी वेग ताशी हजाराच्या वर. १२,३७० किलोमीटरचा दोरा, १३,९०० ची एक वाट आणि १५,३०० ची दुसरी. आणि यांतली सर्वांत लांब वाट सर्वांत लवकर पोचवणारी. एवढ्या एका ओळीवर आपल्या पुरवणीत पूर्ण पान लिहिता आले असते, इतकी ती सुंदर आहे. तिथे फक्त पावणेचौदा तास छापलेले पाहून मला खरेच वाईट वाटले.

मग विमान दोऱ्यावरूनच का नेत नाहीत, असे वाचक विचारतील. गोलावर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दोरा लावून पाहावा. तो हिमालय आणि तिबेटच्या पठाराचा पश्चिम भाग ओलांडून चीनचा शिनजियांग प्रांत, सायबेरिया, तिथून थेट आर्क्टिकवर, ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर जातो. यातला प्रत्येक टप्पा डिस्पॅचरला विचारात पाडतो. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला १०,००० फुटांच्या आसपास खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यातला प्राणवायू थोडीच मिनिटे पुरतो. तिबेटच्या पठारावर जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ १५,००० फूट. खाली यायचे कुठे? आर्क्टिकवरचा प्रश्न निराळा. तिथे थंडीने इंधन गोठू लागण्याची भीती असते. जेट ए-१ या इंधनाला उणे ४७ अंशांपर्यंत धोका नाही, पण अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या जेट ए ची मर्यादा उणे ४० आहे. म्हणजे परतीच्या वाटेवर इंधन कुठल्या जातीचे भरले आहे हेसुद्धा पाहावे लागते. सूर्यावर वादळ असेल तर ध्रुवाजवळ रेडिओ संपर्क बिघडतो. आणि अडचण आलीच तर उतरायला विमानतळ हवा, तिथे दोनशे-तीनशे माणसांना थंडीपासून वाचवण्याची सोय हवी.

हे सगळे सांभाळून ध्रुवावरून जाता येते. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला एअर इंडियाचे विमान महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून आणले. कॅप्टन झोया अगरवाल त्यांच्या प्रमुख होत्या. दोन शहरांमधले अंतर जवळजवळ १४,००० किलोमीटर. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, तरी विमान खाली उतरेपर्यंत पडद्यासमोरून उठलो नाही. त्या फ्लाइट प्लॅनवर सही करणाऱ्या अनोळखी सहकाऱ्याचा मला मनापासून हेवा वाटला.

काही वेळा दोरा माणसेच तोडतात. २७ फेब्रुवारी २०१९ पासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते. माझ्या नोकरीचे ते शेवटचे वर्ष. दिल्लीहून युरोपला जायचे तर आधी दक्षिणेला उतरून अरबी समुद्रावर जायचे आणि मग वायव्येला वळायचे. लांब पल्ल्याच्या काही विमानांना वाटेत उतरून इंधन भरावे लागे. वळशासाठी जास्त इंधन घ्यावे, तर ते वजन वाहून नेण्यासाठीच आणखी इंधन जळते. मग माल कमी करा, कधी आसने रिकामी ठेवा. त्या साडेचार महिन्यांत दोन शहरांमधले अंतर एक मीटरनेही वाढले नव्हते. वेळ मात्र रोज नव्याने काढावा लागत होता. २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना ते आकाश पुन्हा बंद झाले, तेव्हा माझ्या जागी बसलेल्यांच्या टेबलावर काय चालले असेल ते मी घरी बसून पाहू शकत होतो.

हेलसिंकी–तोक्यो हे याहून बोलके उदाहरण. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद होते म्हणून १९८३ मध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीने उत्तर ध्रुवावरून विनाथांबा सेवा सुरू केली. पुढे सायबेरियाची वाट मोकळी झाली आणि प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. २०२२ मध्ये रशियाचे आकाश पुन्हा बंद झाले, आणि त्याच दोन शहरांना आता सुमारे १३ तास लागू लागले. विमाने परत ध्रुवावरून जाऊ लागली. चाळीस वर्षांपूर्वीची वाट पुन्हा उघडावी लागली. ज्यांनी ती पूर्वी आखली होती त्यांच्यातले कोणी हयात असतील, तर त्यांना काय वाटले असेल?

आणखी एक घोळ घड्याळाचा. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून लोक प्रवासाचे तास काढतात. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को दिल्लीच्या साडेबारा तास मागे असते. दिल्लीहून पहाटे चारला सुटलेले विमान पंधरा तास उडाले तर तिथे त्याच तारखेचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. वजाबाकी अडीच तास. परत येताना सकाळी दहाला निघून सोळा तास उडाले तर इथे दुसऱ्या दिवशी दुपारचे अडीच. वजाबाकी साडेअठ्ठावीस तास. शिवाय वेळापत्रकातला वेळ नुसत्या उड्डाणाचा नसतो. चाकांखालचे ठोकळे, ज्यांना आम्ही चॉक म्हणतो, ते काढल्यापासून पलीकडे पुन्हा लावेपर्यंतचा तो काळ असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, कंपनीने हाताशी ठेवलेली थोडी मोकळीक, सगळे त्यात येते. म्हणून विमान कधी वीस मिनिटे आधी पोचले तरी त्याने वेग वाढवला असे समजू नये.

माझी विनंती मोठी नाही. पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा दोऱ्याचे अंतर जरूर द्या, त्याला 'सरळ अंतर' असे म्हणा. वेळ मात्र भागाकाराने काढू नका. कंपन्यांच्या चालू वेळापत्रकातून घ्या, जाण्याचा वेगळा आणि येण्याचा वेगळा, आणि तो कोणत्या महिन्याचा आहे ते लिहा. लांबच्या मार्गावर हिवाळा आणि उन्हाळा यांचे वेळापत्रक वेगळे असते. ज्या घरात मधुमेहाचे औषध घड्याळावर घ्यावे लागते, ज्यांना मधल्या विमानतळावर दीड तासात दुसरे विमान पकडायचे असते, त्यांच्यासाठी हा एक जादा स्तंभ फार कामाचा आहे. पुरवणीची जागा मर्यादित असते हे मला समजते. जोड्या निम्म्या करा, पण दोन्ही दिशा द्या.

तक्ता दुरुस्त करून पुन्हा छापणार असाल तर मी तो विनामोबदला तपासून देईन. लंडन–लॉस एंजेलिस या ओळीपासून सुरुवात करावी, एवढे मागणे. माझा भाचा पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच वाटेने जाणार आहे, आणि बहिणीकडे आपलेच दैनिक येते.

कळावे,
आपला,
एक निवृत्त फ्लाइट डिस्पॅचर